चढाईपटूचा दम

"कबड्डीनं पोट भरतं का रे?" घाटकोपरच्या मैदानावरून धुळीने माखून घरी परतलो की आई विचारते. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेव्हा तिचा प्रश्न रास्तच आहे.

चढाईपटूला अवघे 30 सेकंद मिळतात. तेवढ्यात 'कबड्डी'चा दम टिकवत सात जणांच्या अंगणात शिरायचे, गडी टिपून मध्यरेषा गाठायची. पकड झाली की बाहेर!

आपल्या उपनगरातलेच उदाहरण घ्या. सांताक्रूझच्या रिशांक देवाडिगाला या खेळानेच आधी देना बँकेत व मग भारत पेट्रोलियममध्ये नोकरी दिली. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि तो यू मुंबाकडून खेळला. 2017 मध्ये यूपी योद्धाकडून एकाच सामन्यात त्याने चढाईचे 28 गुण मिळवले. 2018 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले.

मित्रहो, लीगचा करार ठरावीक हंगामांपुरता. नोकरीचा पगार मात्र खेळ संपल्यावरही चालू राहतो. गेल्या पावसाळ्यात माझा गुडघा दुखावला, तेव्हा हे नीट उमगले. आईला आता सांगतो, "भरतं, पण गुडघा शाबूत असेपर्यंत." म्हणून संध्याकाळी मैदान आणि रात्री पुस्तक, दोन्ही चालू आहे.