बांबूच्या पोटात

बसा रे पोरांनो. मेंढा-लेखा गावाच्या रानातला बांबू पाहिलाय ना?

त्याचा हा आडवा कापलेला तुकडा बघा. सालीजवळ बारीक ठिपके दाटीवाटीनं, आत आत विरळ. ते धाग्यांचे जुडगे. बांबू वाकला की जास्त ताण बाहेरच्या कडेलाच येतो, म्हणून धागेही तिथेच गर्दी करतात. आता हा उभा चिरलेला. प्रत्येक गाठीत आडवा पडदा दिसतो? पोकळ नळी वाकली की आधी चपटी होते, मग मोडते. पडदा तिला चपटी होऊ देत नाही.

आपली मानवेल ही बांबूची जात तर आणखी पुढची. कोरड्या, खडकाळ टेकडीवर ती पुष्कळदा जवळजवळ भरीव वाढते, ओलाव्याच्या जागी पोकळ. लाठ्या तिच्याच.

अशीच भरीव नळी करायला इंजिनिअर लोक पोलादी नळीत काँक्रीट भरतात. रिकामा पत्र्याचा डबा पायाखाली घ्या, चेपतो. तोच वाळूनं गच्च भरून, झाकण लावून घ्या, बघा काय होतं! पातळ पोलादाला आतल्या बाजूला दुमडायचं असतं, पण काँक्रीट त्याला जागाच देत नाही. उलट काँक्रीट दाबलं की बाजूंना फुगून तडकायला बघतं, तेव्हा नळी त्याला चाकावरच्या लोखंडी धावेसारखी आवळून धरते. आवळलेलं काँक्रीट जास्त भार घेतं आणि एकदम फुटतही नाही. दोघांची बेरीज सुट्या सुट्या ताकदीपेक्षा मोठी येते, हे मला फार आवडतं. चीनमध्ये 1990 साली अशा भरलेल्या नळ्यांची 115 मीटरची पुलाची कमान झाली. 2020 मध्ये पिंगनानला 575 मीटरची.

मग बांबू सगळाच भरीव का नाही? उंच जायचं, वाऱ्यात डोलायचं, तर स्वतःचंच ओझं कशाला वाढवायचं?

आणि वणव्यात बांबू फटाक्यासारखा का वाजतो, ठाऊक आहे? गाठींमध्ये कोंडलेली हवा आणि ओल तापते, वाट नसते, मग कांडं फुटतं. काँक्रीटमध्येही पाणी असतंच. आग लागली तर त्याची वाफ होणार, म्हणून तिला वाट मिळावी यासाठी काँक्रीट भरलेल्या खांबांच्या पोलादाला मुद्दाम छोटी भोकं ठेवतात.