विश्लेषण : भयकथेचे नाटक किंवा सिनेमा करताना भूत दाखवायचे की लपवायचे?

ठाणे-डोंबिवलीतल्या हौशी नाट्यगटांत एकांकिका स्पर्धांचा हंगाम जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो, ‘यंदा भयकथा करायची का?’ कथा सगळ्यांच्या डोक्यात असते. कुणाला नारायण धारप करायचे असतात, कुणाला रत्नाकर मतकरी, तर कुणाला शाळेत इंग्रजीच्या तासाला ऐकलेला ‘मंकीज पॉ’. अडते ते पुढे. वाचताना अंगावर काटा आणणारी गोष्ट रंगमंचावर आली की प्रेक्षक हसतात. असे का होते आणि ज्यांना हे जमले त्यांनी नेमके काय केले?

गॉथिक कथा म्हणजे काय?

१७६४ मध्ये होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ या कादंबरीपासून या प्रकाराची सुरुवात मानतात. जुने घर, त्यातली एक बंद खोली आणि मागच्या पिढीचे पाप पुढच्या पिढीच्या दाराशी येणे, हा तिचा सांगाडा. भूत असलेच पाहिजे असे नाही. आपल्याकडे वाडा, माजघर आणि तळघर ही सामग्री आयती होती. मतकरींनी मात्र ‘खेकडा’सारख्या गूढकथा लिहून भीतीला वाड्याची गरज नसते हे दाखवून दिले. त्यांच्या गूढकथा ‘गहिरे पाणी’ मालिकेतून छोट्या पडद्यावरही आल्या.

‘आजी’चा ‘तुंबाड’ कसा झाला?

मराठी भयकथेच्या रूपांतराचे सर्वात गाजलेले उदाहरण हेच. त्याची वंशावळ मोठी गमतीची आहे. स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा १९८४ची. आईला थोरल्या मुलाच्या अपघातामुळे रुग्णालयात जावे लागते आणि धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीसोबत घरात एकटा उरतो. १९८६ मध्ये अमेरिकेत ‘ट्वायलाइट झोन’ मालिकेत ती आली आणि २०१४ मध्ये ‘मर्सी’ हा पूर्ण लांबीचा सिनेमाही झाला. धारपांनी हेच बीज मराठी घरात रुजवले, ती कथा ‘आजी’.

राही अनिल बर्वे यांनी १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात मुक्कामी असताना एका मित्राच्या तोंडून धारपांची कथा ऐकली. सिनेमा प्रदर्शित झाला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. मधल्या काळात निर्माता मागे हटला आणि चित्रीकरण दोनदा करावे लागले. नाव आले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, तेही फक्त नावच.

‘तुंबाड’ने ‘आजी’ ताणून दोन तासांची केली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. ती गोष्ट १९१८ सालात घडणाऱ्या पहिल्या भागात जवळजवळ संपते. भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन निघते आणि लहानग्या विनायकवर साखळदंडाने बांधलेल्या आजीला खाऊ घालायची वेळ येते. पुढचे १९३३ आणि १९४७चे दोन्ही भाग नवे आहेत. तिथे भीतीचे कारणच बदलते. किंगच्या कथेत मुलगा मरणाला घाबरतो, इथे तोच मुलगा मोठा होऊन खजिन्यासाठी परत येतो आणि भीती वाटते ती त्याच्या हव्यासाची. आजीला निजवणारे ‘हस्तर’ हे नाव ओळखीचे वाटत असेल तर ते योग्यच. किंगच्या कथेतही आजीला शांत करायला ‘हास्टर’चेच नाव घेतात आणि ते नाव त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, अँब्रोज बिअर्सच्या कथेत येऊन गेले होते. बर्वे यांनी या नावाला समृद्धीच्या देवीचा लाडका मुलगा केले आणि त्याला पिठाच्या बाहुल्यांची भूक दिली. उसनी वस्तू कोकणच्या पावसात इतकी मुरली की ती उसनी वाटेना.

२०१८ मध्ये सिनेमाला बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला.

मग नाटकात काय वेगळे?

कॅमेरा बंद खोलीत शिरू शकतो. प्रेक्षक मात्र गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसलेला असतो आणि त्याला खोलीची तिसरी भिंत, विंगेतला माणूस, धुराचे यंत्र हे सारे दिसते. म्हणून रंगमंचावर भूत जितके ठळक तितके ते केविलवाणे होते. लंडनमध्ये १९८९ ते २०२३ अशी चौतीस वर्षे चाललेले ‘द वुमन इन ब्लॅक’ हे नाटक यावर उत्तम उत्तर आहे. सुझन हिलच्या लघुकादंबरीवरून स्टीफन मॅलाट्रॅट यांनी ते लिहिले. गोष्टीचा जवळजवळ सगळा भार दोन नटांवर. एक वेताची पेटी कधी घोडागाडी होते, कधी टेबल. बाकी काम आवाज आणि अंधार करतात.

(अंधारावरून आठवले, प्रेक्षागृहात पेटलेला एक मोबाइल तीन महिन्यांच्या तालमीवर पाणी टाकतो. हा मजकूर मोबाइलवर वाचणाऱ्यांनी नाटकाच्या वेळी एवढी कृपा करावी.)

‘मंकीज पॉ’ डोंबिवलीत घडली तर?

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ही कथा १९०२ची. पुढच्याच वर्षी लुई पार्करने तिची एकांकिका केली आणि ती लंडनच्या हेमार्केट थिएटरमध्ये झाली. एका म्हाताऱ्या जोडप्याला तीन इच्छा पुरवणारा माकडाचा पंजा मिळतो. ते घराचे उरलेले देणे फेडायला दोनशे पौंड मागतात. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून जातो आणि कंपनीचा माणूस नुकसानभरपाई घेऊन येतो : दोनशे पौंड. मग आई मुलगाच परत मागते. रात्री दारावर थाप पडते.

इंग्रजी कथेत पंजा हिंदुस्थानातून, एका फकिराकडून येतो. लंडनच्या वाचकाला दूरदेशीचे गूढ वाटावे म्हणून केलेली ती सोय आपल्याला निरुपयोगी आहे. पण उरलेली सगळी गोष्ट जणू इथलीच आहे. गृहकर्जाचा हप्ता, एमआयडीसीतली नोकरी, सकाळी डबा घेऊन गेलेला मुलगा आणि संध्याकाळी दारात कंपनीचा माणूस. मे २०१६ आणि मे २०२४ मधल्या स्फोटांचे हादरे ज्या शहराने घरात बसून अनुभवले, तिथे या एकांकिकेला भुताची गरज उरत नाही. आकडा उच्चारला जातो तो क्षणच पुरे. जबाबदारीही तितकीच मोठी आहे. सावित्रीबाई फुले नाट्यगृह एमआयडीसीजवळच आहे, प्रेक्षकांत खरोखर कुणीतरी गमावलेले लोक असू शकतात. तिथे जळालेला चेहरा रंगवून मुलाला दारात उभा करणे हा मतलबी सवंगपणा ठरेल.

मूळ कथाही ते करत नाही. आई कडी काढायला धडपडते, बाप अंधारात पंजा शोधतो, तिसरी इच्छा मागतो, थाप थांबते. दार उघडते तेव्हा बाहेर दिव्याच्या उजेडात रिकामा रस्ता असतो, दुसरे काहीच नाही. नेपथ्यात खर्च करायचाच असेल तर तो त्या दारावर करावा. लाकूड खरे हवे, कारण प्लायवुडवरची थाप शेवटच्या रांगेपर्यंत पोकळ ऐकू येते.

परवानगी कुणाची लागते?

इथे अनेक गट फसतात. कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो आणि रूपांतर करण्याचा अधिकारही त्यातच येतो. धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथा २०६८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. मतकरी २०२० मध्ये गेले, त्यांच्या कथांसाठी २०८० संपावे लागेल. तोवर वारसांची किंवा हक्क ज्याच्याकडे असेल त्याची लेखी परवानगी हवी. ‘प्रेरित’ असे छापून सुटका होत नाही. जेकब्ज १९४३ मध्ये आणि पार्कर १९४४ मध्ये वारले, त्यामुळे भारतात कथा आणि एकांकिका दोन्ही मोकळ्या आहेत. एडगर अ‍ॅलन पो तर केव्हाच मोकळा झाला. मात्र पोचा किंवा जेकब्जचा बाजारात मिळणारा मराठी अनुवाद समोर ठेवून संवाद उचलले तर त्या अनुवादाचा हक्क वेगळा असतो. मूळ इंग्रजीवरून स्वतः लिहावे.

धारपांनी किंगची कथा घेतली तेव्हा ही चौकशी आजच्याइतकी कुणी करत नव्हते, हे मान्य करायला हवे. आज कथेचे मूळ शोधायला वाचकाला दोन मिनिटे लागतात. शिवाय महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर मूळ लेखकाच्या नावाचा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नये.