लिनक्स वापरताय? मग म्युझिक प्लेअर घेण्याआधी हे बघा

या भागाची सुरुवात एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजने झाली. तो पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. जुन्या लॅपटॉपवर विंडोज रखडायला लागलं म्हणून त्याने लिनक्स मिंट टाकलं. आता फोन रूमवर ठेवून अभ्यासिकेत जायचंय, पण चालू घडामोडींचे पॉडकास्ट आणि थोडी गाणी सोबत हवीत. "दादा, बजेट कमी आहे. चुकीचा प्लेअर आला तर दुसरा घेता येणार नाही. कोणता घेऊ?"

प्रश्न साधा वाटतो, पण कॉलेजात असताना मी इथेच फसलोय. प्लेअर छान होता, पण त्यात गाणी टाकायला कंपनीचं विंडोजवरचं सॉफ्टवेअरच लागायचं. मी तोवर लिनक्सवर गेलो होतो. शेवटी प्रत्येक वेळी गाणी भरायला मित्राच्या कॉम्प्युटरवर जायचो. म्हणून आज एखादं मॉडेल सांगण्यापेक्षा काय तपासायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी हे बघा, की तुमच्याकडे खरंच फाइल्स आहेत का? स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं त्या ॲपच्या कुलपात असतं. ते उचलून प्लेअरमध्ये टाकता येत नाही. पॉडकास्टचं बरं असतं. बहुतेक पॉडकास्ट आरएसएस फीडमधून येतात आणि त्यात साधी एमपी३ फाइल असते. लिनक्सवर जीपॉडर नावाचं ॲप आहे, ते भाग उतरवून घेतं आणि प्लेअरवर टाकूनही देतं.

आता मुख्य मुद्दा. प्लेअर यूएसबीने जोडल्यावर कॉम्प्युटरशी कसा बोलतो?

पहिला प्रकार यूएसबी मास स्टोरेज, काही ठिकाणी त्याला एमएससी म्हणतात. यात प्लेअर पेन ड्राइव्हसारखा दिसतो. फोल्डर उघडा, फाइल टाका, झालं. लिनक्सवर वेगळं काहीच लागत नाही.

दुसरा एमटीपी. तुमचा अँड्रॉइड फोन हाच वापरतो. यात प्लेअर आपली मेमरी कॉम्प्युटरच्या ताब्यात देत नाही, एकेक फाइल मागितली की देतो. लिनक्सवर हे चालतं, पण खूप फाइल्स एकदम टाकल्या की कधीकधी अडकतं. काही प्लेअरमध्ये दोन्ही पर्याय असतात. उदाहरणार्थ, सॅनडिस्कच्या जुन्या क्लिप प्लसमध्ये सेटिंगमध्ये जाऊन एमएससी निवडता येतं.

तिसरा प्रकार जुन्या आयपॉडचा. तो ड्राइव्ह म्हणून दिसतो, आपण गाणी कॉपी करतो, आणि आयपॉड म्हणतो एकही गाणं नाही! कारण तो फोल्डर वाचतच नाही, स्वतःचा डेटाबेस वाचतो. तो डेटाबेस लिहिणारी सॉफ्टवेअर्स लिनक्सवर आहेत, पण प्रत्येक मॉडेलवर ती सारखी चालतील असं नाही.

यावर उपाय म्हणजे रॉकबॉक्स. हे प्लेअरच्या आत चालणारं ओपन सोर्स फर्मवेअर आहे. २००१ साली आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी काही जणांनी ते सुरू केलं, पुढे आयपॉड आणि क्लिपवरही आलं. रॉकबॉक्स टाकलं की पाचव्या पिढीचा आयपॉडसुद्धा फोल्डरमधली गाणी थेट वाजवतो. फ्लॅक, ऑग, ओपस हे फॉरमॅट चालतात. आणि पॉडकास्टवाल्यांसाठी बुकमार्क आहे, म्हणजे जिथे थांबलात तिथूनच पुढे सुरू. फक्त रॉकबॉक्सच्या साइटवर आपलं मॉडेल नावानिशी शोधा. क्लिप प्लसवर ते चालतं, त्याच कंपनीच्या क्लिप जॅमवर चालत नाही. आणि हे प्लेअर आता सेकंडहँडच मिळतात, त्यामुळे बॅटरी किती वेळ टिकते ते विचारूनच पैसे द्या.

मेमरी कार्डाचाही एक घोळ आहे. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होऊन येतात. लिनक्सला त्याची अडचण नाही, २०२० च्या ५.७ कर्नलपासून त्याचा चांगला ड्रायव्हर आतच आहे. पण जुन्या प्लेअरला बऱ्याचदा फॅट३२ च कळतं. अशा वेळी लिनक्सवरच कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घ्या. आधीचा डेटा पुसला जाईल, तेवढं लक्षात ठेवा.

दोन छोट्या गोष्टी. कॉपीची पट्टी शंभर टक्के झाली म्हणून लगेच केबल ओढू नका. लिनक्स बराच डेटा आधी रॅममध्ये ठेवतं आणि मग सावकाश लिहितं. इजेक्ट करा, 'आता काढा' असं आलं की मगच काढा. दुसरं, स्वस्त प्लेअर बऱ्याचदा नावाप्रमाणे नाही, तर ज्या क्रमाने फाइल्स कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. भाग उलटसुलट लागले तर फॅटसॉर्ट नावाचं छोटं टूल क्रम नीट लावून देतं.

त्या मित्राला मी एवढंच सांगितलं: लॅपटॉप घेऊन दुकानात जा. डेटा केबल आपली ने, कारण काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. प्लेअर जोड, एक एमपी३ टाक, एक मराठी नावाची फाइलही टाक, इजेक्ट कर आणि दोन्ही वाजवून बघ. मराठी नावाऐवजी चौकोन दिसले तरी गाणं वाजतं, फक्त फाइलचं नाव इंग्रजी अक्षरात ठेवावं लागेल. दुकानदार जोडू देत नसेल तर दुसरं दुकान बघ. ऑनलाइन घेणार असशील तर आधी मॅन्युअलमध्ये 'मास स्टोरेज' हा शब्द शोध आणि परत करायची मुदत वाच.

तुमच्या घरी कपाटात जुना प्लेअर पडलाय? लिनक्सला जोडून बघा आणि काय झालं ते आम्हाला व्हॉइस मेसेजवर सांगा. भेटू पुढच्या भागात!