ऑडिओ इंटरफेसमधील परिवर्तक चिप

ऑडिओ इंटरफेसमधील परिवर्तक चिप म्हणजे मायक्रोफोनकडून येणाऱ्या विद्युत संकेताचे अंकांत, तसेच संगणकातील अंकांचे पुन्हा विद्युत संकेतात रूपांतर करणारे संकलित मंडल होय. पहिल्या प्रकारच्या परिवर्तकास एडीसी, तर दुसऱ्या प्रकारच्या परिवर्तकास डीएसी किंवा डॅक म्हणतात. ऑडिओ इंटरफेस ही मायक्रोफोन व संगणक यांच्यामध्ये जोडली जाणारी पेटी असून गायन, वादन, पॉडकास्ट, श्राव्य पुस्तके आणि मौखिक इतिहासाच्या मुलाखती यांच्या ध्वनिमुद्रणासाठी तिचा उपयोग होतो.

जाहिरातींत चिपचे नाव व क्रमांक ठळकपणे दिले जात असल्याने, चिप जितकी महाग तितका आवाज चांगला, असा समज रूढ आहे. वस्तुतः मुद्रित ध्वनीची गुणवत्ता संपूर्ण साखळीतील सर्वांत दुर्बळ दुव्यावर अवलंबून असते आणि सध्याच्या बहुतेक इंटरफेसमध्ये परिवर्तक चिप हा तो दुवा नसतो. वृद्धांच्या आठवणी, ओव्या किंवा पोवाडे मुद्रित करणाऱ्या शाळा, ग्रंथालये व हौशी संग्राहक यांच्यापुढे मर्यादित रक्कम कशावर खर्च करावी, हा प्रश्न असतो. त्यामुळे हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही.

रूपांतराची प्रक्रिया

ध्वनीमुळे मायक्रोफोनमध्ये निर्माण होणारा विद्युत दाब अखंड बदलत असतो. एडीसी ठरावीक कालांतराने त्याचे मोजमाप करते. या क्रियेस नमुनन म्हणतात. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० आणि चित्रपट व दूरचित्रवाणीच्या कामात सामान्यतः ४८,००० नमुने घेतले जातात. नमुनन वारंवारतेच्या निम्म्यापेक्षा कमी वारंवारतेचा ध्वनी अशा नमुन्यांवरून पुन्हा उभा करता येतो. माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्‌झ असल्याने वरील दोन्ही मूल्ये त्यास पुरेशी ठरतात.

प्रत्येक नमुना किती सूक्ष्मतेने नोंदवला जातो, हे बिटसंख्येवरून ठरते. १६ बिटमध्ये ६५,५३६, तर २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६ पातळ्या मिळतात. नोंदवता येणारा सर्वांत मोठा संकेत आणि उपकरणाची स्वतःची खरखर यांतील अंतरास गतिक पल्ला म्हणतात. सिद्धांततः तो १६ बिटसाठी सुमारे ९८ डेसिबल आणि २४ बिटसाठी सुमारे १४६ डेसिबल येतो. मात्र १४६ डेसिबलचा पल्ला प्रत्यक्षात कोणतीही ध्वनिचिप गाठत नाही, कारण विद्युत मंडलातील उष्णताजन्य खरखर त्याआधीच आड येते. १२० डेसिबल गतिक पल्ल्याची उत्तम चिपसुद्धा सुमारे साडेएकोणीस बिटइतकीच उपयुक्त माहिती देते. उरलेल्या बिटांत खरखरच नोंदली जाते.

इतिहास

ध्वनीचे अंकांत रूपांतर करण्याची स्पंद-संकेत पद्धती अभियंते ॲलेक रीव्ह्‌ज यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली. आजच्या बहुतेक ध्वनिचिप ज्या डेल्टा-सिग्मा तत्त्वावर चालतात, त्यासंबंधीचे महत्त्वाचे काम जपानमध्ये इनोसे, यासुदा व मुराकामी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीत थोड्या बिटांचे मोजमाप अतिशय वेगाने केले जाते, खरखर ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतांकडे ढकलली जाते आणि नंतर अंकीय गाळणीने ती वगळली जाते.

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. त्या काळी १६ बिटचे अचूक परिवर्तक बनवणे इतके अवघड होते की फिलिप्सने आपल्या सुरुवातीच्या सीडी प्लेअरमध्ये १४ बिटचा डॅक वापरून चौपट वेगाच्या नमुननाने ती उणीव भरून काढली. त्या पिढीत चिपचा दर्जा खरोखरच निर्णायक होता. ‘चिप महत्त्वाची’ हा समज बऱ्याच अंशी त्या काळाचा वारसा आहे. डेल्टा-सिग्मा चिप स्वस्त व मुबलक झाल्यावर परिस्थिती पालटली.

चिप आणि तिच्याभोवतीचे मंडल

निर्मात्याने दिलेला चिपचा आकडा ही गुणवत्तेची वरची मर्यादा असते. ती गाठली जाईल की नाही, हे पुढील घटकांवर अवलंबून असते.

पूर्वविवर्धक: मायक्रोफोनचा क्षीण संकेत प्रथम पूर्वविवर्धकात वाढवला जातो. डायनॅमिक प्रकारच्या मायक्रोफोनने बोलणे मुद्रित करताना ही वाढ अनेकदा ५० ते ६० डेसिबल असते. संकेताबरोबर पूर्वविवर्धकाच्या प्रवेशाशी असलेली खरखरही तितकीच वाढते आणि ती चिपच्या खरखरीपेक्षा कितीतरी पुढे निघून जाते.

वीजपुरवठा व संदर्भ दाब: एडीसी प्रत्येक मोजमाप एका स्थिर संदर्भ दाबाशी तुलना करून करते. तो दाब डळमळला तर मोजमापही डळमळते. संगणकाच्या यूएसबी जोडणीतून येणारी वीज नीट गाळली नसल्यास तिच्यातील गडबड ध्वनीत उतरते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने भूजोडणीतील दोषामुळे ५०, १०० व १५० हर्ट्‌झचा गुणगुणाट ऐकू येतो. चिप बदलून तो जात नाही.

कालस्पंद: नमुने अचूक अंतराने घेतले जाण्यासाठी स्फटिकाधारित कालस्पंद लागतो. त्यातील सूक्ष्म थरथर उच्च वारंवारतांवर अधिक जाणवते. १०,००० हर्ट्‌झच्या पूर्ण पातळीच्या स्वरासाठी एक नॅनोसेकंदाची यादृच्छिक थरथर गतिक पल्ला सुमारे ८४ डेसिबलवर आणते, तर तिच्या दहाव्या हिश्शाइतकी थरथर तो सुमारे १०४ डेसिबलवर ठेवते.

या कारणांमुळे एकच चिप असलेली दोन उपकरणे वेगळी मोजमापे देऊ शकतात, तर वेगवेगळ्या चिपची दोन उपकरणे जवळजवळ सारखी ठरू शकतात.

याचे एक उदाहरण २०२० मध्ये घडून आले. जपानमधील नोबेओका येथील आसाही कासेई मायक्रोडिव्हाइसेस या कंपनीच्या कारखान्यास २० ऑक्टोबर २०२० रोजी आग लागली आणि ध्वनिचिपचा जगभरातील पुरवठा खुंटला. अनेक निर्मात्यांना दुसऱ्या कंपन्यांच्या चिप घेऊन आपली मंडले नव्याने आखावी लागली. जर्मनीच्या आरएमई कंपनीने आपल्या एडीआय-२ डॅक या उपकरणात ईएसएस कंपनीची चिप बसवली आणि त्याच नावाने उपकरणाची विक्री चालू ठेवली. चिप बदलणे म्हणजे केवळ एक तुकडा काढून दुसरा बसवणे नव्हे, भोवतालचे मंडलही तिच्याशी जुळवावे लागते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

खरखरीचे गणित

परस्परांशी संबंध नसलेल्या खरखरींची बेरीज त्यांच्या शक्तीनुसार होते. त्यामुळे सर्वांत मोठी खरखर इतर सर्वांना झाकून टाकते. पुढील उदाहरणातून हे स्पष्ट होते.

एका खोलीत वक्त्याच्या आवाजाची मायक्रोफोनपाशी कमाल पातळी ८५ डेसिबल आहे आणि खोलीतील शांततेची पातळी ३५ डेसिबल आहे, असे मानू. आवाज अचानक चढला तरी बिघाड होऊ नये म्हणून मुद्रणाची पातळी कमाल मर्यादेपेक्षा १२ डेसिबल खाली ठेवली आहे. अशा वेळी उपकरणाची कमाल मर्यादा ९७ डेसिबल ध्वनीशी जुळते आणि खोलीचा आवाज त्या मर्यादेच्या ६२ डेसिबल खाली नोंदला जातो. ११० डेसिबल गतिक पल्ल्याच्या साध्या चिपची खरखर त्याहूनही ४८ डेसिबल खाली राहते, म्हणजे शक्तीच्या दृष्टीने ती खोलीच्या आवाजाच्या सुमारे ६३,००० व्या हिश्शाइतकी असते. १२० डेसिबलची महाग चिप घेतल्यास हा हिस्सा आणखी दहापटीने लहान होईल, परंतु एकूण खरखरीत ऐकू येण्याजोगा कोणताही फरक पडणार नाही.

याउलट मायक्रोफोन वक्त्यापासून ६० सेंटिमीटरऐवजी १५ सेंटिमीटरवर आणल्यास, भिंतींवरून येणारे परावर्तन वगळता, आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो. खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. या बदलास काहीही खर्च येत नाही.

श्रवण चाचण्या

दोन उपकरणांची तुलना करताना त्यांच्या पातळीत अर्ध्या डेसिबलइतका फरक असला, तरी किंचित मोठा आवाज श्रोत्यास ‘अधिक स्पष्ट’ किंवा ‘अधिक भरदार’ वाटू शकतो. म्हणून विश्वसनीय चाचणीत पातळ्या सुमारे ०.१ डेसिबलपर्यंत जुळवतात आणि कोणते उपकरण चालू आहे हे श्रोता व चाचणी घेणारा या दोघांनाही कळू देत नाहीत.

ई. ब्रॅड मायर व डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च विभेदनाच्या ध्वनीच्या मार्गात १६ बिट, ४४,१०० नमुन्यांचे अतिरिक्त रूपांतर घालण्यात आले. एकूण ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे, म्हणजे ४९.८ टक्के, बरोबर आली. नाणेफेकीतही साधारण इतकीच उत्तरे बरोबर येतात. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात उच्च विभेदन ओळखण्याची क्षमता अल्प, पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण आढळली आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ती अधिक होती. या दोन्ही अभ्यासांचा विषय चिपची निवड नसून रूपांतराचे विभेदन हा होता. तरीही ऐकू येणारा फरक असलाच, तर तो किती सूक्ष्म असतो, याची त्यांवरून कल्पना येते.

कुंडल व मौखिक इतिहासाचे ध्वनिमुद्रण

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीच्या तुफान सेनेत येथील जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र श्रीपती लाड हे अग्रभागी होते. शेणोली येथे ७ जून १९४३ रोजी ब्रिटिश सरकारच्या पगाराची रक्कम नेणाऱ्या रेल्वेगाडीवर झालेल्या हल्ल्यात या सेनेचा सहभाग होता. जी. डी. बापू लाड यांचे २०११ मध्ये व कॅप्टन भाऊ यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये निधन झाले. कॅप्टन भाऊंच्या आठवणी पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदवल्या असून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात प्रसिद्ध झाल्या आहेत. भूमिगत चळवळीचे कागदोपत्री पुरावे स्वभावतःच मर्यादित असतात. त्यामुळे तिच्या अभ्यासात अशा आठवणींचे मोल मोठे आहे. ज्या साक्षीदारांच्या आठवणी मुद्रित झाल्या नाहीत, त्या आता मिळणार नाहीत.

याच संग्रहात जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्पही आहे. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी सुरू केलेल्या या कामात महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करण्यात आल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले.

असे ध्वनिमुद्रण स्टुडिओत होत नाही. वृद्ध व्यक्तीस तिच्या घरातून हलवणे अवघड असते आणि आठवणीही ओळखीच्या जागीच मोकळेपणाने येतात. कुंडल परिसर उसाचा असून गावात साखर कारखाना आहे. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ दिवसभर चालते. त्यात छताचा पंखा, पत्र्याच्या छपराचा प्रतिध्वनी व फरशीवरील घुमणे यांची भर पडते. वर दिलेल्या गणितानुसार येथे सर्वांत दुर्बळ दुवा खोली हाच असतो. पंखा बंद करणे, भिंतींपाशी गोधड्या किंवा सतरंज्या टांगणे, मायक्रोफोन तोंडाजवळ आणणे आणि वर्दळ कमी असण्याची वेळ निवडणे, यांचा परिणाम चिपच्या निवडीपेक्षा अनेक पटींनी मोठा असतो.

दुसरा धोका पातळीचा असतो. आठवण सांगताना स्वर खालावतो, तर घोषणा देताना किंवा पोवाड्याची ललकारी घेताना तो एकदम चढतो. कमाल मर्यादा ओलांडलेला संकेत कापला जातो आणि त्याचा मूळ आकार पूर्णपणे परत मिळवता येत नाही. २४ बिट मुद्रणाचा खरा लाभ येथे होतो. पातळी १२ ते २० डेसिबल खाली ठेवूनही खरखर त्रासदायक होत नाही. ३२ बिट फ्लोट मुद्रण करणाऱ्या अनेक उपकरणांत मंद व मोठ्या आवाजासाठी वेगवेगळ्या पातळीवर काम करणाऱ्या दोन एडीसी एकत्र वापरून हा धोका आणखी कमी केला जातो.

चिपला महत्त्व येणारी कामे

काही कामांत परिवर्तकाचा दर्जा निर्णायक ठरतो. जुन्या ध्वनिफिती व तबकड्यांचे संग्रहासाठी अंकीकरण करताना खोलीचा गोंगाट साखळीत येत नाही आणि मूळ माध्यम झिजत असल्याने ते काम पुन्हा करता येईलच असे नसते. ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा कामासाठी किमान ४८,००० हर्ट्‌झ नमुनन व २४ बिट यांची शिफारस आहे, तसेच परिवर्तकाच्या खरखर व विरूपणासाठी कडक मर्यादा दिल्या आहेत. या मर्यादा परिवर्तकाच्या प्रत्यक्ष मोजमापासाठी आहेत, चिपच्या नावासाठी नाहीत. प्रयोगशाळेतील मोजमापे आणि अत्यंत शांत स्टुडिओतील अभिजात संगीताचे मुद्रण यांतही उत्तम परिवर्तकाचा लाभ होतो.

इतर वेळी इंटरफेस निवडताना पूर्वविवर्धकाची खरखर, वीजपुरवठा व भूजोडणीची रचना, चालक आज्ञावलीची स्थिरता आणि स्वतंत्रपणे केलेली संपूर्ण उपकरणाची मोजमापे यांचा विचार आधी केला जातो. चिपचा क्रमांक त्यानंतर येतो.