बहात्तरावें मूलद्रव्य कोठें सांपडलें?

सोनें, गंधक, पारा हीं मूलद्रव्यें एकमेकांपासून इतकीं भिन्न कां, या प्रश्नाचें उत्तर परमाणूच्या अंतरंगांतील इलेक्ट्रॉनांच्या मांडणींत आहे, असें आज शाळेंतील मुलेंही सांगतात. परंतु ही मांडणी खरी, कीं विद्वानांनीं सोयीसाठीं रचलेली कल्पना, याची एकदां कठीण कसोटी लागली होती. १९२२ सालीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें घडलेली ती हकीकत आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल अशी आहे.

परमाणूच्या मध्यभागीं धनविद्युत्‌भारित केंद्रक आणि त्याच्या भोवतीं ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. हायड्रोजनांत एक, कार्बनांत ६, सोन्यांत ७९. हाच त्या त्या मूलद्रव्याचा क्रमांक होय. इलेक्ट्रॉन वाटेल तशी गर्दी करून राहत नाहींत. त्यांचीं कवचें एकाबाहेर एक अशीं असून पहिल्यांत २, दुसऱ्यांत ८, तिसऱ्यांत १८ व चवथ्यांत ३२ यांहून अधिक इलेक्ट्रॉन मावत नाहींत. या कवचांचे पुन्हां पोटभाग असतात. त्यांतील जागा अनुक्रमें २, ६, १० व १४ अशा असतात.

या वसतीचे नियम तीन आहेत. पहिला असा कीं, कमी ऊर्जेची जागा आधीं भरते. म्हणूनच पोटॅशियमच्या परमाणूंत तिसऱ्या कवचांत दहा जागा रिकाम्या असतांही एकोणिसावा इलेक्ट्रॉन चवथ्या कवचांत जाऊन राहतो. तेथील जागा त्यास स्वस्त पडते. दुसरा नियम वुल्फगांग पाउली यांनीं १९२५ सालीं सांगितला. प्रत्येक इलेक्ट्रॉनची स्थिति चार अंकांनीं दर्शवितां येते, आणि एकाच परमाणूंतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे हे चारही अंक सारखे असूं शकत नाहींत. त्यामुळें पोटभागांतील एकेका खणांत दोहोंहून अधिक इलेक्ट्रॉन राहूं शकत नाहींत. तिसरा नियम फ्रीड्रिख हुंड यांचा. सारख्याच ऊर्जेचे अनेक खण असल्यास प्रत्येकांत आधीं एकेक इलेक्ट्रॉन जातो. जोड्या मागाहून जमतात. नायट्रोजनचे तीन इलेक्ट्रॉन अशा तीन खणांत एकेकटे असतात. ऑक्सिजनमधील चवथ्यास मात्र कोणाशीं तरी जोडी करणें भाग पडतें.

मूलद्रव्याचा रासायनिक स्वभाव मुख्यतः बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असतो. कारण इतर परमाणूंशीं देवघेव तेच करितात. ५८ ते ७१ या क्रमांकांच्या चौदा मूलद्रव्यांत नवे इलेक्ट्रॉन आंतल्या चवथ्या कवचांत भरत जातात. घराच्या माजघरांत माणसें वाढलीं तरी ओटीवर तींच मंडळी बसलेलीं असावीं, तशी ही स्थिति आहे. म्हणून हीं ‘विरळ मृदा’ मूलद्रव्यें एकमेकांपासून निराळीं करणें रसायनशास्त्रज्ञांस अत्यंत जड गेलें.

हेन्री मोस्ली यांनीं १९१३-१४ मध्यें क्ष-किरणांच्या साहाय्यानें मूलद्रव्यांस क्रमांक दिले, तेव्हां ७२ ही जागा रिकामी राहिली. तत्पूर्वीं, १९११ सालीं, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज उर्बेन यांनीं विरळ मृदांत ‘सेल्टियम’ नांवाचें नवें मूलद्रव्य मिळाल्याचें जाहीर केलें होतें. १९२२ सालीं त्यांच्या नमुन्यांत ७२ व्या मूलद्रव्याच्या अंधुक क्ष-किरणरेषा दिसल्याचें पॅरिसहून प्रसिद्ध झालें. हें खरें असतें, तर नील्स बोर यांचा सर्व हिशोब कोसळला असता. त्यांच्या मतें चवथें कवच ७१ पाशीं पूर्ण होतें; चौदा जागांत पंधराव्यास वाव नाहीं. पुढचा इलेक्ट्रॉन बाहेरच राहिला पाहिजे, म्हणजे बाहेरचे इलेक्ट्रॉन चार होतील, आणि हें मूलद्रव्य विरळ मृदांसारखें नसून झिरकोनियमसारखें असेल.

तेव्हां कोपनहेगन येथील संस्थेंत डिर्क कॉस्टर आणि जॉर्ज हेवेसी यांनीं झिरकोनियमचीं खनिजें क्ष-किरणांनीं तपासावयास घेतलीं. ७२ व्या क्रमांकाच्या रेषा त्यांत स्पष्ट दिसल्या! बोर त्या वेळीं नोबेल पारितोषिकासाठीं स्टॉकहोमला गेले होते. कॉस्टर यांनीं त्यांस दूरध्वनीनें वार्ता कळविली, आणि ११ डिसेंबर १९२२ रोजीं आपल्या व्याख्यानाच्या अखेरीस बोर यांनीं ती सभेस सांगितली. कोपनहेगनच्या ‘हाफ्निया’ या लॅटिन नांवावरून नव्या मूलद्रव्यास हाफ्नियम हें नांव मिळालें. चौदाच जागा कां, याचें समाधानकारक कारण मात्र पाउलींच्या नियमानंतरच देतां आलें.

झिरकोनियम १७८९ सालापासून माहीत होतें. परंतु त्याच्या सोबतीस असलेलें हाफ्नियम १३३ वर्षें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, इतकी दोघांची बाहेरची मांडणी सारखी! केंद्रकांचे गुण मात्र अगदीं भिन्न आहेत. हाफ्नियम झिरकोनियमच्या शेंकडों पट न्यूट्रॉन शोषून घेतें. तारापूर येथें १९६९ सालीं सुरू झालेल्या अणुभट्ट्यांतील इंधनाच्या नळ्या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. त्यांसाठीं हाफ्नियम आधीं मोठ्या कष्टानें वेगळें काढावें लागतें. ज्या साम्यामुळें कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांस तें सांपडलें, तेंच साम्य आज कारखान्यांतील रसायनज्ञांची परीक्षा पाहत आहे.