बापाच्या खिशातला फोटो

स्कॉट फिट्झेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ १९२५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘अमेरिकन स्वप्न’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसायचा होता. जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने तो १९३१ मध्ये रूढ केला. म्हणजे स्वप्नाचे बारसे होण्याआधीच एका कादंबरीकाराने त्याचे दिवस घालून टाकले होते!

कथा थोडक्यात अशी. नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षी आपले नाव टाकून देतो आणि जे गॅट्सबी होतो. एका धनाढ्याच्या बोटीवर राहून श्रीमंतांच्या चालीरीती शिकतो. पुढे दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर पैसा करतो आणि न्यूयॉर्कजवळ महाल घेतो, कारण पाण्यापलीकडे त्याची जुनी प्रेयसी डेझी राहते. ती आता दुसऱ्याची बायको. तिच्या घरची श्रीमंती पिढीजात, याची कालची. ती भिंत काही पैशाने पडत नाही. अखेर दुसऱ्याच्या अपराधापायी गॅट्सबी गोळीला बळी पडतो. मेजवान्यांना शेकडो माणसे येत. अंत्यविधीला बोटांवर मोजण्याइतकी.

परभणीत मी ही कादंबरी बी.ए.च्या मुलांना बरीच वर्षे शिकवली. मुले जिंतूर, पाथरी, सोनपेठ, पालमकडची. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मे बाक रिकामे असत. महाल, मोटारी, मेजवान्या यांत त्यांचे मन रमत नसे. वर्ग जागा व्हायचा तो गॅट्सबीचा बाप आल्यावर.

हा म्हातारा वर्तमानपत्रात मुलाच्या मृत्यूची बातमी वाचून मिनेसोटाहून येतो. खिशातून एक फोटो काढून दाखवतो. फोटो त्याच महालाचा, ज्यात तो स्वतः उभा आहे! अनेक हातांनी मळलेला, कोपऱ्यांना चिरलेला. गावाकडे किती जणांना दाखवला असेल कोण जाणे. मग तो मुलाचे लहानपणीचे गोष्टींचे पुस्तक काढतो. शेवटच्या कोऱ्या पानावर वेळापत्रक लिहिलेले आहे: सहाला उठणे, डंबेल्स, विजेचा अभ्यास, वक्तृत्वाचा सराव. खाली संकल्प. एक दिवसाआड आंघोळ, हे ऐकून मुली तोंडाला पदर नाही तर ओढणी लावून हसत. दर आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकणे. त्या पाचावर काट मारून तीन केलेले. इथे हसू थांबे. सर्वांत शेवटचा संकल्प, आईवडिलांशी अधिक चांगले वागण्याचा.

असे वेळापत्रक वर्गातल्या प्रत्येकाच्या खोलीत भिंतीला चिकटवलेले होते. एका मुलाने विचारले, ‘‘सर, पैसा कुठून आला हे बापाला कळलं का?’’ नाही. पोरगा जगता तर देश उभारणारा मोठा माणूस झाला असता, असेच म्हातारा सांगत राहतो. मुलाने त्याला राहते घर घेऊन दिलेले असते. त्याला तेवढे पुरेसे आहे. प्रश्न विचारणारा नंतर स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेला. पूर्वपरीक्षा दोनदा हुकली, आणि घरी मात्र ‘‘थोडक्यात राहिलं’’ एवढेच जात राहिले. बाप दर वर्षी सोयाबीनचे पैसे पाठवत राहिला. मला विचाराल तर गॅट्सबीची खरी शोकांतिका डेझीपाशी नाही, या म्हाताऱ्यापाशी आहे.

नाव टाकणे आपल्याला नवे नाही. याच जिल्ह्यातल्या सातोन्याला १९१३ मध्ये भगवान रघुनाथ कुलकर्णी जन्मले. ‘बी. रघुनाथ’ म्हणून त्यांनी कथा, कविता, कादंबऱ्या लिहिल्या, निजामी राजवटीत नोकरी करता करता. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. त्यांनी स्वतःच्या नावाचे एक अक्षर केले, आडनाव सोडले, पण बापाचे नाव ठेवले. गॅट्सबीने नेमके तेच पुसले होते. आपल्याकडे बाप नावाच्या मधोमधच बसलेला असतो; सातबाऱ्यावर, गुणपत्रिकेवर, लग्नपत्रिकेवर.

म्हणूनच आपला गॅट्सबी शोधायला गेले की भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’पाशी (१९६३) यावे लागते. टीकाकार तिच्याशेजारी सॅलिंजरला बसवतात, बसवोत. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याच्या वसतिगृहात नवा माणूस व्हायला निघतो. संमेलने, वक्तृत्व, मेसची सेक्रेटरीगिरी, मित्रांवर उधळपट्टी. खर्च सारा बापाचा. पदवी हाती लागत नाही आणि तो गावी परततो. गॅट्सबी मरतो, पांडुरंग परततो, हा फरक मला फार मोठा वाटतो. मेलेल्याचे बापाकडून कौतुक तरी होते. परतलेल्याला त्याच ओसरीवर, त्याच बापासमोर रोज बसायचे असते.

माझा विद्यार्थीही परतला. आता मानवतच्या बाजूला शेती करतो, जोडीला खताचे दुकान आहे. मध्यंतरी मी त्याच्याकडे गेलो होतो. वडील थकले आहेत, पण डोके शाबूत आहे. गल्ल्यामागच्या भिंतीवर त्याचा पुण्यातला फोटो आहे: इस्त्रीचा शर्ट, मागे एका मोठ्या इमारतीच्या पायऱ्या. फोटो त्याने काढून ठेवला होता, म्हणे. वडिलांनी पुन्हा लावला. गिऱ्हाईक आले की ते बोट दाखवून सांगतात, ‘‘हे पुण्याला होतं, चार वर्षं.’’ तो तेव्हा पोती मोजत असतो. मान वर करत नाही.