अंकीय ध्वनिपरिवर्तक व हेडफोन-वर्धक : अभ्यासिकेतील जुळणी आणि वापर

मराठीत ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांच्या आरंभीचा च लिपीत एकच असला तरी उच्चारात एक नाही. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. हा भेद कानास जाणवतो तो मुख्यतः स्फोटानंतरच्या घर्षणध्वनीवरून. तालव्य च-काराचे घर्षण साधारणतः दर सेकंदास दोन-अडीच हजार कंपनांपासून वर पसरलेले असते. दंततालव्याचा भर त्याहून बराच वर, चार हजारांच्या पुढे असतो. बोलीचे मुद्रित नमुने ऐकून त्यांचे ध्वनिलेखन करणारा अभ्यासक अशा क्षीण आणि क्षणिक घर्षणावर आपला निर्णय बेतत असतो. मुद्रण आणि कान यांच्या मध्ये दोन उपकरणे असतात : संगणकातील अंकांचे विद्युत्-तरंगांत रूपांतर करणारा परिवर्तक, आणि त्या तरंगांस हेडफोन चालविण्याइतके बळ देणारा वर्धक. यांची जुळणी चुकली तर त्यातून निर्माण झालेला दोष बोलीचा गुणधर्म म्हणून टिपणवहीत उतरण्याचा संभव असतो.

ही दोन्ही कामे करणारी सोय संगणकात अंगभूत असतेच, आणि ती आज सरसकट टाकाऊ म्हणता येणार नाही. मेजावरील स्वतंत्र उपकरणाचा विशेष असा की त्याचे गुणांक ज्ञात असतात. उदाहरणादाखल येथे एक जोडी विचारात घेतली आहे. आपले खरे नाव कधीही प्रकट न करणाऱ्या एका अभियंत्याने २०११ मध्ये ‘ओ-टू’ नावाच्या हेडफोन-वर्धकाचा आराखडा मापनांसह सर्वांस खुला केला. त्यास जोडावयाचा ‘ओडॅक’ हा परिवर्तक २०१२ मध्ये आला. पुढे त्या अभियंत्याचे लेखन एकाएकी थांबले. आराखडा मात्र राहिला. यापेक्षा नवी आणि मापनात सरस ठरणारी उपकरणे आज उपलब्ध आहेत. परंतु ज्याची आतली रचना उघडपणे तपासता येते असे उपकरण अध्ययनास अधिक सोयीचे असते.

परिवर्तकाविषयी थोडक्यात सांगता येईल. ध्वनितरंगाची उंची ठराविक कालांतराने मोजून ती अंकांत नोंदविणे हे अंकीय मुद्रणाचे तत्त्व होय. तरंगातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले असता मूळ तरंग पूर्णपणे परत मिळविता येतो, ही गोष्ट शॅनन याने १९४९ मध्ये सिद्धतेसह मांडली. सेकंदास ४४,१०० नमुन्यांचा प्रचलित दर कानाच्या २०,००० कंपनांच्या मर्यादेस म्हणूनच पुरेसा ठरतो. दोन नमुन्यांच्या मधला भाग हरवतो, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती निराधार आहे. प्रत्येक नमुन्यासाठी १६ द्विमान अंक वापरल्यास सर्वांत मोठा ध्वनी आणि अंकनातून उद्भवणारा गोंगाट यांत सुमारे ९८ डेसिबेलचे अंतर राहते. दर मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या पृष्ठभागाची खरखर याच्या कितीतरी पट मोठी असते. १९२५ पूर्वीच्या, विद्युत्-साह्यावाचून केवळ भोंग्याने घेतलेल्या मुद्रिकांवर तर सुमारे अडीच हजार कंपनांच्या पलीकडे फारसे काही उमटत नसे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाशी निगडित ध्वनिमुद्रिका आज अंकीय रूपात ऐकावयास मिळतात. त्यांपैकी भोंग्याच्या काळातील मुद्रिकेवरून ‘चारा’मधील च-काराविषयी निश्चित विधान करावयाचे असल्यास कितीही मूल्यवान परिवर्तक आणला तरी त्याचा उपयोग नाही. जे तबकडीवर उतरलेच नाही ते परत येत नाही.

जोडणी करताना परिवर्तकाची यूएसबी तार संगणकास सरळ जोडावी आणि संगणकाच्या ध्वनिविषयक मांडणीत निर्गम म्हणून त्याचीच निवड करावी. तेथेच नमुनादर निश्चित करता येतो. मुद्रण ४४,१०० चे असता संगणक ४८,००० वर ठेवला, तर संगणक स्वतःच दर बदलून देतो आणि त्यात सहसा ऐकू येण्याजोगी हानी होत नाही. तथापि दोन्ही दर एक ठेवणे हे अधिक निर्मळ होय. ज्या धारिकेत दराची नोंदच नाही तिची गोष्ट वेगळी. ४४,१०० ची अशी धारिका ४८,००० च्या दराने वाजविली तर स्वर सुमारे दीड अर्धस्वराने चढतो, आणि पुरुषाच्या आवाजाची मूलकंप्रता मोजणारा विद्यार्थी नकळत चुकीचे आकडे मांडतो. संगणक-प्रणालीने पुरविलेल्या ‘ध्वनिसुधारणा’ बंद कराव्यात. क्षीण ध्वनी वर उचलणे आणि मोठा दाबणे हे त्यांचे काम असते, आणि मराठीतील म्ह, न्ह, व्ह यांसारख्या महाप्राणयुक्त ध्वनींचा श्वासांश हा नेमका क्षीण ध्वनी असतो. संगणकातील आवाजाचे प्रमाण पूर्ण ठेवून नियमन वर्धकाच्या कळीने करावे. संगणकात आवाज कमी करणे म्हणजे दर ६ डेसिबेलमागे एक द्विमान अंक सोडणे. २४ अंकांच्या परिवर्तकात ही हानी नगण्य असली तरी १६ अंकांच्या जुन्या साधनात ती उपेक्षणीय नाही.

खरी अडचण वर्धकापाशी उद्भवते. हेडफोनचा संरोध काही प्रकारांत १६ ओहम तर काहींत ६०० ओहम इतका भिन्न असतो. एका मिलिवॅटने ९६ डेसिबेल ध्वनी देणारे दोन हेडफोन घेतले, एक ३२ ओहमचा व दुसरा ३०० ओहमचा, तर त्या एका मिलिवॅटसाठी पहिल्यास सुमारे ०.१८ व्होल्ट आणि दुसऱ्यास ०.५५ व्होल्ट लागतात. संगीतातील क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबेलपर्यंत वाव ठेवावयाचा म्हटल्यास हेच आकडे ०.९ आणि २.७५ व्होल्टच्या घरात जातात. अधिक संरोधाचा हेडफोन दाब मागतो, अल्प संरोधाचा प्रवाह मागतो. म्हणून ‘हा वर्धक शक्तिमान आहे’ या विधानाला, कोणत्या संरोधावर ते सांगितल्याखेरीज, अर्थ नाही.

वर्धकाचा स्वतःचा निर्गम-संरोधही पाहावा लागतो. १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनसाठी १२० ओहमची शिफारस होती. आता असे पाहा : नाममात्र ३०० ओहमच्या हेडफोनचा संरोध शंभर कंपनांच्या आसपास ५०० ओहमपर्यंत चढत असेल, तर १२० ओहमच्या वर्धकावर त्या ठिकाणी ध्वनी इतरांच्या तुलनेत सुमारे एका डेसिबेलने उंचावतो. शंभर कंपनांचा परिसर म्हणजे पुरुषी आवाजाच्या मूलकंप्रतेचाच परिसर. ‘ओ-टू’चा निर्गम-संरोध सुमारे अर्धा ओहम असल्यामुळे त्यावर असा फरक पडत नाही. हेडफोनच्या संरोधाच्या अष्टमांशाहून वर्धकाचा संरोध अधिक नसावा, हा ठोकताळा व्यवहारात पुरतो.

आता वर्धनगुणकाचा प्रश्न. ‘ओ-टू’च्या मूळ आराखड्यात दर्शनी बाजूस एक खटका असून त्याने गुणक २.५ किंवा ६.५ करता येतो. निर्गमाची कमाल मर्यादा, घरगुती विद्युत्-पुरवठ्यावर, सुमारे ७ व्होल्ट. ‘ओडॅक’चा पूर्ण निर्गम २ व्होल्ट. अडीचपट वर्धनाने ५ व्होल्ट होतात. मर्यादा ओलांडली जात नाही. साडेसहापटीने मात्र १३ व्होल्टची मागणी होते आणि तरंगाची शिखरे सपाट कापली जातात. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की या रचनेत वर्धनाचा टप्पा आधी आणि आवाजाची कळ नंतर येते. म्हणून कळ कितीही खाली आणली तरी कापलेली शिखरे कापलेलीच राहतात. आवाज लहान होतो, विकृती तशीच. ऐकणाऱ्याचा स्वाभाविक तर्क असा होतो की, आवाज लहान असूनही खरखर आहे, त्याअर्थी दोष मुद्रणात असला पाहिजे. क्षेत्रात जाऊन आणलेले चांगले मुद्रण अशा तर्काने सदोष ठरविले जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, कापल्या गेलेल्या स्वरातून उत्पन्न होणारे उच्च कंप्रतेचे घटक घर्षणासारखे भासतात आणि शुद्ध कंठ्य स्वर करकरीत वाटू लागतो.

याची परीक्षा अवघड नाही. ‘प्राट’सारख्या विश्लेषण-प्रणालीत तरंगचित्र उघडून पाहावे. चित्रात शिखरे गोल असून कानास खरखर येत असेल तर दोष वर्धकाकडे आहे. चित्रातच शिखरे सपाट असतील तर मुद्रण घेतानाच चूक झाली, आणि ती आता दुरुस्त होणे नाही. सामान्य नियम म्हणून पुरेसा आवाज देणारा सर्वांत लहान गुणक निवडावा. त्याचा आणखी एक लाभ आहे. गुणक मोठा असता कळ तळाशीच ठेवावी लागते, आणि तळाशी डाव्या-उजव्या वाहिन्यांचा समतोल बहुधा नीट राहत नाही.

पुरवठ्याविषयी एकच सूचना. ‘ओ-टू’ला प्रत्यावर्ती प्रवाह देणारा अडॅप्टर लागतो; हाताशी असलेला एकदिश प्रवाहाचा अडॅप्टर, टोक बसते म्हणून, जोडू नये. हेडफोन सर्वांत शेवटी, कळ शून्यावर आणून जोडावा. पन्नास कंपनांची गुणगुण ऐकू आल्यास प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोन उपकरणांच्या भूसंपर्कांतून वर्तुळाकार मार्ग तयार झाला आहे असे समजावे. त्यासाठी परिवर्तकाला दोष देण्याचे कारण नाही.

दोन उपकरणांची तुलना हा वादाचा विषय, आणि त्यातील बराचसा वाद आवाजाच्या विषमतेतून जन्मतो. अर्ध्या डेसिबेलने मोठा असलेला ध्वनी ‘मोठा’ वाटत नाही, ‘स्पष्ट’ वाटतो. म्हणून तुलनेपूर्वी स्थिर स्वर वाजवून, हेडफोन जोडलेला असतानाच, दोन्हींचा निर्गम-दाब मल्टिमीटरने मोजून दशांश डेसिबेलपर्यंत सारखा करावा. नंतर कोणते उपकरण चालू आहे हे ऐकणाऱ्यास कळू न देता ओळखावयास सांगावे. बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडलेली ही पद्धती आजही पर्यायहीन आहे. सोळा प्रयत्नांत बारा किंवा अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे शेकडा ४. दहा बरोबर आली तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. सुरचित अशा दोन परिवर्तकांत या कसोटीवर फरक सापडणे दुर्मिळ आहे; हेडफोन बदलल्याचा फरक मात्र कोणासही तत्काळ ओळखता येतो. विभागाजवळ पैसा मर्यादित असेल तर तो कोठे घालावा हे यावरून दिसते.

ध्वनिलेखन अनेक दिवस चालणारे असेल तर कळीची जागा खुणेने निश्चित करून ती टिपणवहीत गुणक आणि हेडफोनच्या नावासह नोंदवावी. ध्वनीची तीव्रता बदलली की खर्जाच्या भागाची सापेक्ष जाणीवही बदलते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखविले होते. सोमवारी मोठ्याने आणि गुरुवारी हळू ऐकलेल्या नमुन्यांचे लेखन परस्परांशी जुळेलच असे नाही. क्षीण ध्वनी पकडण्यासाठी कळ वर नेण्याचा मोह होतो आणि ती तेथेच राहते. ८५ डेसिबेल तीव्रतेचा ध्वनी दिवसास आठ तास सुरक्षित मानला जातो, आणि पुढे दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबेलवर ती एका तासाची उरते. क्षीण जागा पुन्हा ऐकावयाची असल्यास तेवढाच अंश निवडून तो मोठा करून ऐकावा आणि कळ लगेच खुणेवर आणावी.